ऐकू आलं तर हात वर

मला माझा आवाज फार आवडतो. हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे जे घडलं त्याचं खापर मोबाइलवर फोडायची सोय मला राहणार नाही. पांढुर्ण्यातल्या एका सरकारी शाळेत मी नववीला सामाजिक विज्ञान शिकवतो. घंटा होईपर्यंत उठून जाता येत नाही अशा श्रोत्यांपुढे वीस-बावीस वर्षं बोलत राहिलं की कोणालाही आपण मोठे वक्ते आहोत असं वाटायला लागतं. मला जरा लवकरच वाटलं. बायको सौसरची. तिच्या माहेरी मी बोलायला लागलो की लोक पटापट जेवण आटोपून घेतात. हा मला दिलेला मान आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. शिकवायला बाहेरून एक तरुण मुलगी आली होती. ती म्हणाली, माहितीपट फक्त बघायचे नसतात, ऐकायचेही असतात. त्यांना डॉक्युमेंटरी पॉडकास्ट म्हणतात. खऱ्या जागेचे आवाज, खऱ्या माणसांचं बोलणं, आणि मधे मधे सांगणारा एक जण. वर्गात ते कसे वापरायचे याच्या तिनं तीन गोष्टी सांगितल्या. ऐकवण्याआधी लेकरांना एक प्रश्न द्या. मधे थांबवून विचारा. तिसरी मी लिहून घेतली नाही, कारण तेवढ्यात चहा आला. माझ्या शेजारी आमच्या गणिताच्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी तिन्ही लिहून घेतल्या. त्या सगळंच लिहून घेतात आणि काहीच टाकून देत नाहीत. त्यांच्या मोबाइलची जागा कायम भरलेली असते आणि त्यावरून स्टाफरूममध्ये त्यांची चेष्टा करण्यात मी आघाडीवर होतो.

मी एक गोल ब्लूटूथ स्पीकर विकत घेतला. त्याला एकच मोठं बटण, आणि चालू केला की आतून एक बाई इंग्रजीत "कनेक्टेड" म्हणायची. वर्गाला अख्ख्या पॉडकास्टपेक्षा ही बाई जास्त आवडली. पहिला कार्यक्रम मी हिमनद्यांवरचा निवडला होता. सांगणाऱ्याचा आवाज असा की ऐकता ऐकता जेवण जिरावं. मधल्या सुटीनंतरचा तास होता, त्यामुळे जेवण खरंच जिरू लागलं आणि मागच्या दोन बाकांवरची लेकरं हिमयुगात गेली.

आमच्या शाळेच्या मागून नागपूर-इटारसीची रेल्वे लाइन जाते. मालगाडी आली की अख्खी शाळा वाक्याच्या मधे थांबते. हातात खडू, तोंड उघडं, आणि शेवटचा डबा गेला की तिथूनच पुढे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली आहे की मी लग्नकार्यातही लांब शिट्टी ऐकली की गप्प होतो. पॉडकास्टवाल्याला हे कोण सांगणार? तो म्हणाला, "आणि तेव्हा शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की..." आणि कोळशाची गाडी आली. ती गेली तेव्हा तो आभार मानत होता.

पुढच्या आठवड्यात मी कार्यक्रम लावताना येणारे फोन बंद करायला विसरलो. फोन वाजू लागला. मी घाईघाईनं स्पीकरचं ते मोठं बटण दाबलं. त्यानं स्पीकर बंद होत नाही, फोन उचलला जातो, हे ज्ञान मला बेचाळीस लेकरांसमोर झालं. वाळवंटातल्या उंटांच्या घंटा थांबल्या आणि माझ्या बायकोचा आवाज वर्गभर घुमला, "अहो, येतानी सांबार घेऊन या. कालच्यासारखं विसरू नका." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. त्या दिवशी मी 'ऐकलेलं काय लक्षात राहिलं' ते वहीत लिहायला सांगितलं होतं. सदतीस वह्यांमध्ये सांबार होता. उंट चार वह्यांमध्ये होते.

पण पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तसंही नव्हतं. एकदा मी दूरच्या एका बेटावरच्या दीपगृहाच्या रखवालदाराचा कार्यक्रम लावला. तो म्हातारा वाऱ्याशी बोलत बोलत दिवा पुसत होता. शेवटी सांगणारा म्हणाला की हा कार्यक्रम तयार होईपर्यंत ते गृहस्थ वारले. वर्ग गप्प झाला. मीसुद्धा गप्प झालो, पण फार वेळ नाही.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभरात तिनं आपणहून तोंड उघडल्याचं मला आठवत नव्हतं. "सर, तो मानूस मेला, पन त्याचा आवाज आता राहीन न?"

"राहील की. कायमचा."

"मंग आपन माह्या बाबाचा असा पॉडकास्ट करू का? लवकर करा लागन."

तिच्या बाबाला गावात कोण ओळखत नाही? रिक्षावर भोंगा बांधून गल्लीगल्लीत पुकारणारा तो माणूस. दोन दिवस नळ येणार नाही, मंडी उद्या बंद आहे, अमक्याच्या घरी दुःखद निधन, सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. आम्ही छिंदवाड्यापासून वेगळे होऊन जिल्हा झालो, हे मला पेपरआधी त्यानं सांगितलं, तेही दारासमोर रिक्षा उभी करून. जन्म त्याचा नदीपलीकडे सावरगावात, संसार अलीकडे पांढुर्ण्यात. गोटमारीच्या, म्हणजे दोन गावांमधल्या दगडफेकीच्या जत्रेच्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दगड सुटत असायचे, आणि गर्दीत हरवलेलं लेकरू कोणत्या काठाचं ते न विचारता हा त्याच्या आईबापाला हाका मारत असायचा.

त्याच्या घशात गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. दिवाळीनंतरची तारीख मिळाली होती. त्यानंतर तो माणूस कधी बोलणार नव्हता.

मी म्हणालो, "अगं, घरी मोबाइलवर व्हिडिओ असतील की."

"हायेत सर. पन त्यात बाबा बोलतच नाई. घरी ते बोलत नाईत. घसा राखतात."

दुसरे पुकारणारे आता पेनड्राइव्ह लावतात. एकदा बोलून ठेवायचं आणि रिक्षा फिरवत राहायची. हा कधी लावत नव्हता. त्यामुळे ज्या आवाजानं तीस वर्षं गाव जागं केलं, तो कुठेच साठवलेला नव्हता. मुलीला तेवढाच हवा होता. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आणि त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात असंही आलं की संक्रांतीच्या सुमारास जिल्ह्याचा नवाचार मेळा, म्हणजे शाळांच्या नव्या प्रयोगांचं प्रदर्शन आहे आणि अजून आपल्याकडे तिथे मांडायला काही नाही. दोन्ही विचार शेजारी शेजारी बसले होते, भांडत नव्हते. हेच वाईट.

मी कॉलरला लावायचा माइक मागवला. दिवाळीच्या सुट्या संपल्यावर एका शनिवारी तिचे बाबा शाळेत आले. गळ्याभोवती मफलर, इस्त्रीचा शर्ट. आवाज घोगरा झाला होता, पण भरदार होता. मी त्यांच्या कॉलरला माइक लावला. त्यांनी तो काढून मुठीत धरला.

"हातात माइक नसला तं माहं तोंड उघडत नाई सर."

मग ते वर्गात इकडेतिकडे बघू लागले. मुलगी जागेवर नव्हती. ती केव्हाच उठून व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली होती. त्यांनी माइक तोंडाशी नेला. "हॅलो. हॅलो. तो पंखा बंद करा भाऊ, आवाज खाते. हॅलो. पोरी, आयकू येते का?"

व्हरांड्याच्या टोकाला हात वर झाला.

"हाव. पोचला," ते म्हणाले, आणि मग मला म्हणाले, "हे लहान होती तवापासून हिचंच काम हाय. रोज सकाळी भोंगा बांधला का हे गल्लीच्या टोकाले जाते. आयकू आलं तं हात वर करते. तिचा हात पाह्यल्याशिवाय मी रिक्षा काढत नाई."

मी मान डोलावली आणि म्हणालो, "छान. आता सुरू करू या का?" कारण प्रश्न मी लिहून आणले होते. बावीस प्रश्न. ते मुलांनी विचारायचे ठरलं होतं, पण मुलं अडखळत होती, तेव्हा बरेचसे मीच विचारले. काही प्रश्नांमध्ये उत्तरही मीच घालून ठेवलं होतं.

ते तासभर बोलले. मधे खोकले. "पानी दे न माय," असं मुलीला म्हणाले. एका मुलाला ओळखून म्हणाले, "तुया आज्याचं म्याच पुकारलं होतं रे, मोठा चांगला मानूस." पेनड्राइव्ह का लावत नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "पेनड्राइव्हले गल्ली दिसत नाई सर. कोनाच्या दारात मांडव हाय, कोनाच्या घरी बाळंतीन निजली हाय, ते पाहून आवाज कमीजास्त करा लागते." आणि निधनाची बातमी कशी पुकारायची, ते सांगितलं. "नाव आधी नाई घ्यायचं. आधी गल्ली सांगाची. मंग आयकनारा सावध होते, हातातलं खाली ठेवते. मंग नाव." त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, वर्गही बोलला नाही. तेवढ्यात गाडी आली. तेही आमच्यासारखेच थांबले, आणि ती गेल्यावर कोणी पुढचं विचारलं नाही.

रविवारी मी घरी पलंगावर बसून ते सगळं मोबाइलवर कापायला घेतलं. ज्याला आयुष्यात कधी कोणी कात्री दिली नाही त्याला ती मिळाल्यावर जे होतं ते झालं. खोकला कापला. पाणी कापलं. आजोबा कापले. पंखा आणि "हॅलो हॅलो" तर पहिल्या झटक्यात गेलं, ते काय, टेस्टिंग. गाडी कापली. निधनाच्या बातमीनंतरची शांतता फार लांब वाटली, ती कापली. मग त्या शांततेशिवाय आधीचं वाक्य लंगडं वाटू लागलं, म्हणून तेही कापलं. घोगरेपणा थोडा कमी करायचं एक बटण सापडलं, ते दाबलं. मागे बासरी घातली. सुरुवातीला, शेवटी आणि दोन भागांना जोडायला माझं निवेदन घातलं. "नमस्कार श्रोतेहो," मी म्हणालो, आणि तीन वेळा म्हणालो, कारण पहिल्या दोन वेळी हवा तसा भाव आला नव्हता. बायको आतून म्हणाली, "कोन आलं हाय?"

तयार झालेला कार्यक्रम अकरा मिनिटांचा होता. त्यात सात मिनिटं मी होतो. हे गणित मी तेव्हा केलं नाही. गणित आमच्या मॅडमचा विषय.

मोबाइल म्हणाला, जागा भरली. काय काय काढायचं ते मी बघू लागलो. नातेवाइकांनी पाठवलेले सुप्रभातचे गुलाब होते, चहाचे कप होते, सूर्योदय होते. कोणी विचारलं 'पाहिलं का?' तर पंचाईत नको, म्हणून ते ठेवले. बाकीच्या मोठ्या फायली एकगठ्ठा निवडल्या, तासाभराचं ते मूळ रेकॉर्डिंगही त्यात होतं, आणि पुसून टाकल्या. पक्कं बनलेलं हातात असताना कच्चं कशाला ठेवायचं? असा त्यामागचा विचार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दरवर्षी वर्गात समजावून सांगतो.

ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. मुलगी तीन आठवडे शाळेत आली नाही. मेळ्यात आमच्या कार्यक्रमाला प्रशस्तिपत्र मिळालं. परीक्षक माझा हात हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, आवाज काय सुंदर आहे आपला." मी घरी येऊन ते प्रशस्तिपत्र टीव्हीच्या वर ठेवलं.

मुलगी आली ती पहिल्या दिवशी मधल्या सुटीत माझ्यासमोर उभी राहिली. "सर, ते पूर्न रेकॉर्डिंग द्या न. तुमी पाठवलेलं आयकलं आमी. पन आईले मी सांगतलं, सरपाशी सगळं हाय."

मी म्हणालो, "हो, हो. शोधून देतो." शोधायला ते कुठे गेलं होतं?

आठवडाभर मी रोज काहीतरी सांगितलं. घरच्या कॉम्प्युटरवर आहे. चार्जर सापडत नाही. आज विसरलो. त्या आठवड्यात मी वर्गावर इतकी चिडचिड करत होतो की एका पोरानं मालगाडी येण्याआधीच बोलणं थांबवलं. बसस्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. त्यानं फोन उलटासुलटा करून विचारलं, "त्याच्यानंतर काय काय भरलं ह्याच्यात?" मेळ्याचे फोटो भरले होते. एकशे बारा. बहुतेकांत मीच होतो. तो म्हणाला, "मंग नाई भेटत सर आता."

सोमवारी मी तिला व्हरांड्यात बोलावलं. बातमी कशी द्यायची हे तिच्या बापानं माझ्यासमोर बसून सांगितलं होतं, पण मी ते कापलं होतं आणि माझ्या डोक्यातूनही ते गेलं होतं. मी एकदम म्हणालो, "पुसलं गेलं. माझ्याच हातानं."

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती म्हणाली, "सर, तुमी तं आमाले सांगता, वहीत चुकलं तं खोडू नका. एक रेघ मारा फक्त. मंग आधी काय लिवलं होतं ते दिसते." एवढं बोलून ती वर्गात गेली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं की सांगणाऱ्यानंच असं कसं केलं.

मला लाज वाटली. चाळीस मिनिटांच्या तासात एकदाही माझ्या तोंडून उगाच शब्द निघाला नाही, असा माझ्या नोकरीतला तो पहिला दिवस. मुलांनी मला बरं नाही असं समजून एकमेकांना खुणावलं.

स्टाफरूममध्ये मी खुर्चीत बसून राहिलो. गणिताच्या मॅडमनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सर, तुमी ग्रुपवर टाकलं होतं न काईतरी? माइक नवीन घेतला तवा?"

आणि मला आठवलं. त्या शनिवारी रेकॉर्डिंग संपल्या संपल्या, नवीन माइक किती स्वच्छ ऐकतो हे सगळ्यांना कळावं म्हणून, मी सुरुवातीचा एक तुकडा तिथल्या तिथे शाळेच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आपल्या शाळेचा स्टुडिओ.' प्राचार्यांनी अंगठा पाठवला होता. बाकी कोणी काही म्हटलं नाही, म्हणून रागावून मी चार दिवस तो ग्रुपच उघडला नव्हता.

मी फोन उघडला. माझ्या साफसफाईत तो तुकडाही गेला होता. त्या जागी नुसता धूसर चौकोन होता, दाबला तर उघडेना. खेळाच्या सरांनी त्यांचा फोन पाहिला, नव्हता. प्राचार्यांचा फोन पंधरा दिवसांनी आपोआप साफ होतो. मॅडमनी चष्मा पुसला, त्यांच्या त्या भरलेल्या फोनमध्ये बोट वर वर सरकवत दिवाळीपर्यंत गेल्या आणि फोन माझ्यासमोर ठेवला. होता. त्रेचाळीस सेकंद.

"मी कधी काई पुसत नाई सर," त्या म्हणाल्या. "आयकत बी नाई."

मी त्यांच्यासमोर हात जोडले. गेल्या दहा वर्षांच्या सगळ्या चेष्टेबद्दल जोडले. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी लगेच दुसऱ्या गोष्टीचा हिशोब चुकता केला. "आनि प्रशिक्षनातली ती तिसरी गोष्ट मी तवा लिवून घेतली होती. आयकवून झाल्यावर गुरुजीनं गप्प बसाचं. सांगू म्हटलं होतं तुमाले, पन तुमी बोलून राहिले होते."

संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात रिक्षा, तिच्यावरचा भोंगा काढून ओट्यावर पालथा ठेवलेला. कपाटावर बुद्धाची लहान मूर्ती आणि शेजारी औषधांच्या बाटल्या. तिचे बाबा खाटेवर बसले होते, गळ्याला पांढरं फडकं. मला बघून त्यांनी हात जोडले. मुलीच्या आईनं चहा ठेवला. मी त्यांच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी आधी गल्ली सांगितली. म्हटलं, "मी तुमच्या रेकॉर्डिंगबद्दल बोलायला आलो आहे, आणि बातमी वाईट आहे." आईनं हातातला कप खाली ठेवला. मग बाकीचं सांगितलं. तासाभराचं गेलं, माझ्या हातून गेलं, आणि हे एवढंच उरलं आहे. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. रागाची होती की नव्हती, ते मला अजून कळलेलं नाही.

स्पीकर पिशवीत होता. चालू केला, आतली बाई "कनेक्टेड" म्हणाली. मॅडमनी माझ्या फोनवर पाठवलेला तुकडा मी लावला.

आधी माझाच आवाज. "हं, लावला का? पाहा, दिसायला केवढासा आहे." मग घरघर. मग ते. "हॅलो. हॅलो. तो पंखा बंद करा भाऊ, आवाज खाते. हॅलो. पोरी, आयकू येते का?"

मुलगी चुलीजवळ पाठमोरी उभी होती. तिचा हात वर गेला. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही, हात आपोआप गेला. मग आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं आणि हात तसाच वर राहिला. तुकड्यात पाच-सहा सेकंद काहीच नव्हतं. ती शांतता मी कापली नव्हती, एवढंच माझं पुण्य. मग आवाज आला, "हाव. पोचला."

आईनं पदर तोंडाला लावला. ते उठले. माझ्या हातातून त्यांनी स्पीकर घेतला, चपला न घालता दारात जाऊन उभे राहिले आणि मुलीकडे बघून हनुवटीनं गल्लीकडे खूण केली. तिला कळलं. ती निघाली. वाटेत दोन शेजारणी पाणी भरत होत्या, त्यांच्या कडेनं ती गेली, पिठाच्या गिरणीपुढून गेली आणि विजेच्या खांबापाशी जाऊन वळून उभी राहिली. रोज सकाळी उभी राहायची तिथेच. त्यांनी स्पीकर तोंडासमोर धरला, मुठीत माइक धरावा तसा, आणि माझ्याकडे पाहिलं.

माझं काम फक्त फोनवर बोट ठेवायचं होतं. मी ठेवलं. पंखा, हॅलो, आणि मग गल्लीत त्यांचा आवाज गेला, "पोरी, आयकू येते का?" पाणी भरणाऱ्या बायका थांबल्या. खांबापाशी हात वर झाला. त्यांनी तो नीट पाहिला, आणि मगच तुकड्यातला त्यांचा आवाज म्हणाला, "हाव. पोचला." वेळ अगदी बरोबर जुळली. मला कितीतरी बोलावंसं वाटलं. मी बोललो नाही.

एवढ्यात माझा फोन वाजला. त्यांच्या अंगठ्याखाली ते मोठं बटण होतं. अंगठा दबला, आणि ज्या स्पीकरमधून आत्ता त्यांचा आवाज गेला होता त्यातूनच माझ्या बायकोचा आवाज गल्लीभर गेला, "कुठी हाय तुमी? येतानी सांबार आना. शाळेतल्यासारखं भाषन देत बसू नका तिथी."

शेजारणी हसल्या. ते माझ्याकडे बघू लागले आणि त्यांचे खांदे हलू लागले. आवाज नव्हता, पण ते हसत होते, गळ्यावरचं फडकं हातानं दाबून धरून हसत होते. आणि तिकडे खांबापाशी त्यांच्या मुलीनं पुन्हा हात वर केला, ऐकू आलं म्हणून.